सभामंडप दिसतो, कायदा दिसत नाही



जिल्हा बैठकांच्या निमित्ताने गावोगाव फिरताना गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका हल्ली घरोघरी दिसते. कुठे ती खासदारांची असते, कुठे आमदारांची. वर हात जोडलेला फोटो, आत 'विकासाचा लेखाजोखा'. अमुक गावी सभामंडप, तमुक गावी पेव्हर ब्लॉक, चौकात हायमास्ट दिवा, स्मशानभूमीला शेड, तालीम, वाचनालय, दोन किलोमीटर डांबरी रस्ता. शेवटच्या पानावर 'केंद्राचे ऐतिहासिक निर्णय' म्हणून पाच-सहा ओळी. त्यातच नव्या कायद्यांची नावे उरकलेली.

पुस्तिका कोणाची, हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही. नाव आणि झेंड्याचा रंग बदलला तरी मजकूर तोच राहतो. आमच्या टेबलावर अशा पुस्तिकांचा गठ्ठा आहे, सगळ्या पक्षांच्या. त्या सगळ्या वाचून जे सांगावेसे वाटते ते एवढेच, की या अहवालांत पाने उलटी लागली आहेत. जे काम दुसरा कोणीही करू शकतो ते पहिल्या पानापासून, आणि जे काम फक्त खासदारच करू शकतो ते शेवटच्या पाच ओळींत.

सभामंडप वाईट नाही. पावसात लग्न लागते, कीर्तन होते, आपल्या सभासुद्धा तिथेच होतात. पाणंद रस्ता झाला तर ट्रॅक्टर चिखलात रुतत नाही. ज्यांनी ही कामे केली त्यांचे आभार मानायला आम्ही कचरणार नाही. पण हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे.

निधीचा हिशेब

खासदार स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी प्रत्येकाला ५ लाख, पुढच्या वर्षापासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. खासदार काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालची यंत्रणा करते. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला. एका लोकसभा मतदारसंघात अठरा लाख मतदार धरले, तर या पाच कोटींचे दरडोई वर्षाला अठ्ठावीस रुपये होत नाहीत. टपरीवरचे दोन चहा.

आता दुसरा आकडा मांडा. एकरी शंभर क्विंटल कांदा धरा. दिल्लीहून एक कागद निघाला आणि भाव क्विंटलमागे हजार रुपयांनी उतरला, तर एकरामागे एक लाख गेले. असे पाचशे शेतकरी, प्रत्येकाचा एकेक एकर, म्हणजे पाच कोटी. खासदारांचा अख्ख्या वर्षाचा निधी पाचशे एकरांत बुडाला. पाच वर्षांचा निधी अडीच हजार एकरांत. कांदापट्ट्यातल्या एखाद्या तालुक्यात याच्या कितीतरी पट कांदा असतो. सभामंडप कितीही मोठा बांधला तरी तो खड्डा भरून निघत नाही.

हा हिशेब हवेतला नाही. गेल्या काही वर्षांतल्या तारखा समोर ठेवा. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून पुन्हा खुली झाली. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सरसकट बंदी, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, मग पुढील आदेशापर्यंत. ४ मे २०२४ ला ती उठली, तीही ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान २० मेला होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. ते २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून हटले.

हे सगळे अधिसूचनांनी झाले. शेतकऱ्याला आधी कोणी विचारले नाही, सभागृहात आधी चर्चा झाली नाही. विदेश व्यापार कायदा १९९२ सालचा, सीमाशुल्काचे कायदे १९६२ आणि १९७५ चे. त्या जुन्या कायद्यांनी दिलेल्या अधिकारात दिल्लीतला एखादा अधिकारी संध्याकाळी सही करतो आणि सकाळी लासलगावचा लिलाव कोसळतो.

कांद्याचे तेच कापसाचे. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचून बाजारात येण्याचे नेमके ते महिने. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. एका हाताने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने दार उघडायचे, याचा खुलासा कोणत्या लेखाजोख्यात वाचल्याचे आम्हाला आठवत नाही.

ज्या काळात निधी नव्हता

सभामंडप हेच खासदाराचे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवावीत. करोनामुळे ६ एप्रिल २०२० ला हा निधीच थांबवला गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधल्या दीड वर्षात खासदारांच्या हातात वाटायला काही नव्हते. उरले होते ते फक्त त्यांचे मूळ काम, कायदा करण्याचे. आणि नेमक्या त्याच काळात शेतीचे तीन कायदे आले.

५ जून २०२० ला तीन अध्यादेश निघाले. सप्टेंबरात विधेयके आली. १४ तारखेला कांदा निर्यातबंदी झाली आणि १५ तारखेला लोकसभेने आवश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती संमत केली. त्या दुरुस्तीत काय लिहिले होते? कांदा, बटाटा, धान्य, कडधान्य, तेलबिया यांच्यावर युद्ध, दुष्काळ, मोठी नैसर्गिक आपत्ती किंवा असाधारण भाववाढ असल्याखेरीज बंधने नकोत. काल बंदी, आज मोकळीक! एका सदस्याने जरी ती दोन कागदपत्रे शेजारी ठेवून ठाण मांडले असते, तर दोन्ही प्रश्न देशासमोर आले असते.

बाकीची दोन विधेयके २० सप्टेंबरला राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. २७ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर शेतकरी बसले. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि समिती नेमली. २९ नोव्हेंबर २०२१ ला हे तिन्ही कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी चर्चेविना संमत झाले.

आपल्या बैठकीत त्या कायद्यांच्या बाजूचेही बसतात आणि विरोधातलेही. तो वाद आज उकरण्याचे कारण नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे एकमत व्हावे. कायदे आले तेव्हाही आपल्याला विचारले नाही, गेले तेव्हाही विचारले नाही. आणि आवश्यक वस्तू कायदा मात्र १९५५ पासून होता तिथेच आहे, राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टाच्या आडोशाला.

नवा कायदा : शेवटच्या पानावरची एक ओळ

आता ताजे उदाहरण. या पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर हल्ली ओळ असते : 'ग्रामीण मजुरांना १०० ऐवजी १२५ दिवस रोजगाराची हमी'. हा डिसेंबर २०२५ चा 'विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी मिशन (ग्रामीण)' कायदा. लोक त्याला 'जी राम जी' म्हणतात. २००५ सालच्या मनरेगा कायद्याची जागा घेण्यासाठी तो केला. १६ डिसेंबरला विधेयक लोकसभेत मांडले, १८ तारखेला तिथे संमत झाले, त्याच रात्री उशिरा राज्यसभेत संमत झाले, २१ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. वीस वर्षांचा कायदा तीन दिवसांत बदलला.

१२५ दिवस ही ओळ खोटी नाही. पण ती अर्धी आहे. खताची गोणी घेताना आपण काय पाहतो? १०:२६:२६ हे आकडे. ते गोणीवर छापलेच पाहिजेत, असा नियम आहे. कोणी गोणीवर नुसता फोटो आणि 'भरघोस उत्पन्न' एवढेच छापले तर आपण ती उचलणार नाही. मग कायद्याचे घटक न छापता नुसती जाहिरात का उचलायची? घटक आम्ही सांगतो.

पहिला घटक पैशाचा. मनरेगात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र सोसत होते. नव्या कायद्यात महाराष्ट्रासारख्या राज्याने १०० पैकी ४० रुपये घालायचे आहेत. शिवाय केंद्र प्रत्येक राज्याला वर्षाची रक्कम आधी ठरवून देणार, त्यापेक्षा जास्त खर्च झाला तर तो राज्याच्या माथी. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्याच वर्षी कामाची मागणी वाढते. वाढीव पैसे कोण देणार आणि किती दिवसांत, हा प्रश्न मराठवाड्यातल्या आणि माणदेशातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा घटक आपल्या राज्याचा. रोजगार हमी ही दिल्लीची देणगी नव्हे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहातून ती महाराष्ट्रात उभी राहिली. १९७५ पासून तिच्यासाठी व्यवसाय कर लावला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम' हे त्या योजनेचे ब्रीद. मनरेगा आल्यावरही १०० दिवसांपुढचे काम राज्याने आपल्या पैशाने द्यायचे, अशी आपल्याकडची व्यवस्था होती. तेव्हा महाराष्ट्रातल्या खासदाराने १२५ दिवसांची ओळ छापताना पुढचीही ओळ छापली पाहिजे : १२५ दिवसांपुढे काय? आपल्या राज्याची जुनी हमी टिकणार की नाही?

तिसरा घटक सरळ आपल्या बांधावरचा. नव्या कायद्यात पेरणी आणि काढणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवायची तरतूद आहे. ते दिवस राज्य सरकारने आधी जाहीर करायचे. हे वाचून आपल्यातले बरेच जण खूश झाले. पेरणीला मजूर मिळत नाही, कांदा काढणीला मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. आम्हीही ती रोज ऐकतो.

पण आपण कोण आहोत तेही पाहू. बागायतदार मजूर लावतो. दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी मात्र पावसाळ्यात मालक असतो आणि फेब्रुवारीनंतर मजूर. रोहयोच्या कामावर जाऊन तो खताचे पैसे उभे करतो. त्याच योजनेतून त्याच्या शेतात विहीर झालेली असते, १९९० पासूनच्या फळबाग लागवडीतून बांधावर आंबा किंवा सीताफळ उभे राहिलेले असते. तो आपलाच सभासद आहे. त्याचे काम बंद करून आपला कांदा निघणार असेल तर मजुरीचा दर वाढवून का निघू नये, असे उद्या त्याने बैठकीत विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागेल. शेतमालाला रास्त भाव मिळाला तर शेतकरी रास्त मजुरी देऊ शकतो, हे आपण इतकी वर्षे सांगत आलो. ते सांगणे मजुराच्या बाजूनेही खरे आहे.

आणि शेतीशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ६० दिवस म्हणजे कोणते ६० दिवस? खरिपाची पेरणी जून-जुलैत. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलात. द्राक्षाची तोड साधारण जानेवारी ते एप्रिल. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरच्या आसपास, कापसाची वेचणी त्यानंतर कित्येक आठवडे चालते. घाटाखालच्या भाताचे गणित आणखी वेगळे. पाण्याच्या गावाला मार्च-एप्रिलात मजूर हवेत आणि दहा मैलांवरच्या कोरड्या गावाला त्याच मार्च-एप्रिलात काम हवे. सगळ्या जिल्ह्याला एकच तारीख लावली तर एका गावाचे भले करताना दुसऱ्याचे पोट मारले जाईल. कायद्यात वेगवेगळ्या भागांसाठी, अगदी गावपातळीपर्यंत, वेगळे दिवस ठरवायला वाव ठेवला आहे. तो वाव वापरायचा की मंत्रालयातून एक परिपत्रक काढून मोकळे व्हायचे, हे आपण किती जागे आहोत यावर ठरेल.

पुस्तिकेतल्या एका ओळीखाली एवढे सगळे दडलेले होते.

'पक्षाचा आदेश असतो हो'

खासदारांना हे विचारले की एक उत्तर ठरलेले असते. पक्षाचा व्हिप असतो, विरोधात मत दिले तर पद जाते. ते खरे आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीने हे बंधन घातले. पण ते बंधन मतदानापुरते आहे. विधेयकाला दुरुस्ती सुचवायला, प्रश्न विचारायला, शून्य प्रहरात विषय मांडायला, स्थायी समितीत बसून कागद मागायला तो कायदा कोणाला अडवत नाही. नाव नोंदवून मतविभागणीची मागणी करायलाही अडवत नाही. आवाजी मतदानात कोण काय म्हणाले याची नोंद राहत नाही, म्हणून तर ती मागणी महत्त्वाची.

खासगी विधेयकाचाही मार्ग आहे. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभाव या विषयांवर दोन खासगी विधेयके लोकसभेत मांडली. ती संमत झाली नाहीत. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी शेतकऱ्याचा विषय विधेयकाच्या भाषेत लोकसभेच्या दप्तरी नोंदवला गेला. त्या विधेयकांतल्या प्रत्येक कलमाशी आपण सहमत असू वा नसू, पण काम करायचे म्हटले तर वाट असते, एवढे त्यातून दिसते.

काय करायचे

पुस्तिका फेकून देऊ नका. ती नीट जपा आणि तिच्यात जे छापलेले नाही ते मागा. या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच प्रश्न ठेवत आहोत. बैठकीने मान्य केले तर ते एका कागदावर लिहून, तालुकावार सह्या घेऊन, आपल्या भागातल्या प्रत्येक खासदाराला द्यायचे. आणि पहिला, चौथा व पाचवा प्रश्न राज्यापुरता करून प्रत्येक आमदारालाही.

एक : गेल्या वर्षभरात शेतीशी संबंधित कोणते कायदे आणि अधिसूचना निघाल्या, आणि प्रत्येकावर तुमची भूमिका काय होती? पक्षाची नको, तुमची सांगा.

दोन : कांदा, कापूस, सोयाबीन, तूर यांच्या आयात-निर्यातीबाबत तुम्ही सभागृहात किती प्रश्न विचारले आणि काय उत्तरे आली?

तीन : निर्यातबंदी किंवा साठा मर्यादा घालण्यापूर्वी संसदेत चर्चा आणि उत्पादकाला भरपाई बंधनकारक करणारी दुरुस्ती तुम्ही मांडणार का?

चार : नव्या रोजगार हमीत राज्याचा ४० टक्के वाटा कोठून येणार, आणि १२५ दिवसांपुढच्या कामाची महाराष्ट्राची जुनी हमी कायम राहील असे लेखी सांगणार का?

पाच : आपल्या तालुक्यासाठी बंदीचे ६० दिवस कोणते, ते कोणाला विचारून ठरवले किंवा ठरवणार आहेत?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत वाट पाहू नका. ते उत्तर आपणच तयार करू शकतो. प्रत्येक गावाने आपल्या पिकांचे वेळापत्रक लिहावे. कोणत्या महिन्यात गावात मजूर कमी पडतात आणि कोणत्या महिन्यात हातांना काम नसते, एवढेच. लिहिताना बागायतदार आणि मजूर दोघांना एकत्र बसवा. बायकांना तर बसवाच, कारण लागवड, निंदणी आणि काढणी त्यांच्याच हाताने होते आणि रोहयोच्या हजेरीपटावरही त्यांची नावे मोठ्या संख्येने असतात. तो कागद ग्रामसभेत ठराव म्हणून संमत करून घ्या आणि त्याची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि आमदार यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. ठराव नसेल तर 'गावाने काही कळवले नाही' असे शेरे मारायला कचेऱ्या मोकळ्या असतात.

लोकप्रतिनिधींची उत्तरे आली की ती या पत्रकात जशीच्या तशी छापू. शब्द कापणार नाही, शेरा मारणार नाही. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडू. पुढच्या निवडणुकीत ते मत मागायला येतील तेव्हा ते पान हातात असू द्या. सभामंडपाबद्दल आभार जरूर माना आणि मग ती कोरी जागा दाखवा.